विश्लेषण : ग्रीनलँड शार्क खरोखरच ५१२ वर्षांचा? खडकावरचे लायकेन हजारो वर्षांचे? वय मोजतात तरी कसे?

समुद्रातील एका शार्कचे वय ५१२ वर्षे असल्याचा संदेश, सोबत एक धूसर छायाचित्र, अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असतो. त्याच धर्तीवर आर्क्टिक प्रदेशातील खडकांवरचे पिवळसर-हिरवे लायकेन आठ-नऊ हजार वर्षांचे असल्याचेही सांगितले जाते. एक प्राणी, दुसरी बुरशी आणि शैवलाची भागीदारी. दोघांमध्ये नाते असे काहीच नाही. तरीही या दोघांची तुलना शास्त्रज्ञांच्या एका जुन्या अडचणीपर्यंत घेऊन जाते. झाडाला वाढीची वर्तुळे असतात, माशांच्या कानातील खड्यांवर रेघा असतात. पण जिथे असे काहीच नाही, तिथे वय मोजायचे कसे?

हे दोघे नेमके कोण?

ग्रीनलँड शार्कचे शास्त्रीय नाव सोम्निओसस मायक्रोसेफॅलस. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या थंड पाण्यात, पृष्ठभागापासून दोन हजार मीटरहून अधिक खोलीपर्यंत तो आढळतो. लांबी पाच मीटरपर्यंत किंवा त्याहून थोडी जास्त. कोकणात बाजारात येणारी मुशी किंवा मोरी हीदेखील शार्कच, पण या भाऊबंदाच्या तुलनेत अगदीच किरकोळ. ग्रीनलँडच्या भाषेत त्याला ‘एकालुस्सुआक’ म्हणतात. त्याचे ताजे मांस खाणे धोक्याचे असते, कारण त्यात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे रसायन भरपूर असते आणि पचनात त्यापासून विषारी द्रव्य तयार होते. आइसलँडमधील लोक तेच मांस आंबवून, महिनोन् महिने टांगून वाळवून खातात. त्याचा अमोनियासारखा दर्प इतका उग्र असतो, की सुक्या बोंबलाच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

दुसरा नमुना ऱ्हायझोकार्पन जिऑग्राफिकम. लायकेन आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गोड्या मसाल्यात पडते ते दगडफूल म्हणजे लायकेनच. पुस्तकी मराठीत त्याला शैवाक असा शब्द आहे. पण मसाल्यातले दगडफूल पानासारखे सुटे असते, खडकावरून किंवा सालीवरून उचकटून काढता येते. ऱ्हायझोकार्पन पापडीसारखे खडकाला असे चिकटलेले असते, की खडकाचा पापुद्रा काढल्याशिवाय ते निघत नाही. पिवळसर-हिरव्या ठिपक्यांना काळी किनार असते आणि शेजारशेजारचे ठिपके एकमेकांना भिडले की देशांच्या सीमा दाखवणारा नकाशाच वाटतो. म्हणून इंग्रजीत त्याला नकाशा-लायकेन म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये नाव देतानाही भूगोलाचीच आठवण ठेवली होती.

ग्रीनलँडच्या एखाद्या फ्योर्डमध्ये हे दोघे अक्षरशः वर-खाली असू शकतात. काठावरच्या कातळावर लायकेन आणि त्याखालच्या काळोख्या पाण्यात शार्क.

मुळात इतके संथ का?

दोघांच्याही संथपणाच्या मुळाशी थंडी आहे. पण दोघांची रीत पूर्णपणे वेगळी आहे आणि तुलनेतला सर्वांत रंजक भाग तोच.

शार्क कधी थांबत नाही, तो सगळेच हळू करतो. २०१२ मध्ये स्वालबार्डजवळ सहा शार्कवर उपकरणे बसवून केलेल्या अभ्यासात त्यांचा सरासरी वेग सेकंदाला ०.३४ मीटर, म्हणजे ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरला. नुकतेच चालायला लागलेले मूलही याला मागे टाकेल. शेपटीचा एक झोका पूर्ण व्हायला जवळपास सात सेकंद लागतात. असे असूनही त्याच्या पोटात सील सापडतात. सील त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ असतो, त्यामुळे पाण्यात झोपलेले सील तो गाठत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. पाण्याचे तापमान शून्याच्या आगेमागे आणि शरीर अवाढव्य, त्यामुळे चयापचय मंद. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, या शार्कच्या स्नायूंतील चयापचयाच्या क्रियेत वयानुसार लक्षणीय बदल दिसत नाही. त्याच वर्षी त्याच्या जनुकसंचाचाही उलगडा झाला. तो माणसाच्या जनुकसंचाच्या दुपटीहून मोठा, सुमारे साडेसहा अब्ज अक्षरांचा आहे आणि त्यातील डीएनए दुरुस्तीशी संबंधित जनुकांच्या जादा प्रतींकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आहे.

लायकेन याच्या उलट वागते. ते हळू काम करत नाही. बहुतांश वेळ ते कामच करत नाही. लायकेनमधील बुरशी आसरा देते, शैवल प्रकाशसंश्लेषण करून अन्न तयार करते. पण हे कारखाने ओलाव्याशिवाय चालत नाहीत. पाऊस, धुके किंवा वितळणारे बर्फ मिळाले की काही तास काम सुरू, मग पुन्हा वाळून ठप्प. मोबाइलच्या भाषेत सांगायचे तर शार्क सदैव बॅटरी-बचत मोडवर असतो आणि लायकेन बहुतेक काळ चक्क बंद करून ठेवलेले असते.

हे बंद राहणे किती पक्के असते, हे २००५ मध्ये दिसले. युरोपीय अंतराळ संस्थेने रशियाच्या फोटॉन-एम२ यानातून याच ऱ्हायझोकार्पनचे आणि आणखी एका लायकेनचे नमुने अवकाशात पाठवले. जवळपास १५ दिवस ते निर्वात पोकळी, अतिनील किरणे आणि वैश्विक किरणांना उघडे होते. परत आणून त्यांना पाणी दिल्यावर दिवसभरात त्यांचे प्रकाशसंश्लेषण पूर्ववत झाले. शार्कच्या बाबतीत असा प्रयोग करण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही.

शार्कचे वय कसे काढले?

शार्कच्या अंगात हाडे नसतात, कूर्चा असते. तरीही अनेक जातींच्या मणक्यांत कॅल्शियम साचून वर्तुळे तयार होतात, काहींच्या पाठीवरच्या पराला काटा असतो आणि त्यावर रेघा उमटतात. ग्रीनलँड शार्कचे मणके मऊ आणि पराला काटाही नाही. त्यामुळे अनेक दशके एकच धागा हाती होता. डॅनिश जीवशास्त्रज्ञ पौल मारिनुस हान्सन यांनी १९३६ मध्ये ग्रीनलँडजवळ शार्क पकडून, खूणपट्टी लावून सोडून दिले होते. त्यातला एक १९५२ मध्ये पुन्हा सापडला. तेव्हा २६२ सेंटीमीटर असलेला तो शार्क १६ वर्षांनंतर २७० सेंटीमीटर झाला होता. वाढ आठ सेंटीमीटर. वर्षाला अर्धा सेंटीमीटर. पाच मीटर व्हायला किती वर्षे लागत असतील, याची पहिली धास्ती या आकड्याने घातली.

खरा मार्ग सापडला तो डोळ्यात. डोळ्यातील भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि त्यातील प्रथिने पुढे आयुष्यभर बदलत नाहीत. कातडी, स्नायू, रक्त सगळे नवे होत राहते, पण तो कण गर्भातला तो गर्भातलाच. त्या प्रथिनांतील कार्बन-१४ चे प्रमाण मोजले तर आईच्या पोटात असताना समुद्रात कोणता कार्बन होता, हे कळते. (यातला विरोधाभास असा, की याच डोळ्यांना ओमॅटोकोइटा नावाचा एक परजीवी लटकलेला असतो आणि त्यामुळे बऱ्याच शार्कची दृष्टी अधू झाल्याचे मानले जात आले आहे.)

कोपनहेगन विद्यापीठातील ज्युलियस निल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१३ या काळात मिळालेल्या २८ माद्यांची भिंगे तपासली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. यात त्यांना मदत झाली ती अणुबॉम्बची. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ एकाएकी वाढला आणि यथावकाश तो समुद्रातील अन्नसाखळीत उतरला. २८ पैकी सर्वांत लहान दोन माद्यांच्या भिंगात ही वाढ स्पष्ट दिसली, तर २२० सेंटीमीटरच्या तिसरीत तिची जेमतेम चाहूल होती. म्हणजे ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, पकडली तेव्हा पन्नाशीच्या आसपासची. बाकी २५ जणी त्याआधीच्या.

मग ५१२ हा आकडा आला कुठून?

अणुचाचण्यांआधीच्या काळासाठी असा ठळक टप्पा नाही. समुद्रातील कार्बन-१४ शतकानुशतके फारसा बदललेला नाही आणि खोल पाण्यात जुना कार्बन मिसळत राहतो. त्यामुळे त्या एकट्या मोजमापावरून नेमके वर्ष सांगता येत नाही. संशोधकांनी त्यात आणखी दोन गोष्टी जोडल्या : जन्मतः पिल्लू सुमारे ४२ सेंटीमीटरचे असते आणि मोठा शार्क हा साधारणपणे लहान शार्कपेक्षा वयाने मोठा असतो. या सगळ्याचे संख्याशास्त्रीय गणित मांडून ५०२ सेंटीमीटर लांबीच्या सर्वांत मोठ्या मादीचे वय निघाले ३९२ वर्षे, अधिक-उणे १२०. म्हणजे ९५ टक्के खात्रीने २७२ ते ५१२ वर्षांच्या दरम्यान कुठेतरी.

समाजमाध्यमांनी यातले फक्त वरचे टोक उचलले. आपल्या इतिहासाच्या मापाने पाहिले तर या अंदाजाची रुंदी लक्षात येते. ही मादी शिवरायांच्या जन्माच्या सव्वाशे वर्षे आधी जन्मली असेल किंवा थोरल्या बाजीरावांचे निधन झाले त्या १७४० च्या सुमारासही जन्मली असेल. दोन्ही शक्यता त्या एकाच मोजमापात बसतात. खरे तर मथळा व्हायला हवा होता तो २७२ चा. कारण सर्वांत सावध आकडा धरला तरी २११ वर्षांचा विक्रम नावावर असलेला बोहेड देवमासा मागे पडतो आणि ग्रीनलँड शार्क सर्वाधिक जगणारा पृष्ठवंशी प्राणी ठरतो. त्यासाठी ५१२ च्या टेकूची गरजच नाही.

लायकेनचे वय मोजण्याची सुरुवात स्मशानातून?

हो, बऱ्याच अंशी. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ रोलँड बेशेल यांनी १९५० मध्ये लायकेनवरून हिमनदीच्या गाळाचे वय काढण्याची पद्धत मांडली. थडग्यावर मृत्यूचे वर्ष कोरलेले असते. त्या दगडावरचे सर्वांत मोठे लायकेन मोजले, की इतक्या वर्षांत इतके वाढले, हा दर मिळतो. असे बरेच दगड मोजून आलेख काढायचा आणि मग तो जवळच्या हिमोढावर, म्हणजे हिमनदीने वाहून आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या बांधावर लावायचा. दगड उघडा पडल्यावरच त्यावर लायकेन रुजते, म्हणून सर्वांत मोठ्या लायकेनचे वय हे हिमनदीने माघार घेतल्याचे किमान वय ठरते. फूटपट्टी आणि चांगली नजर, एवढ्यावर काम भागते. यामुळेच ही पद्धत जगभर पसरली. पुढे दरडी आणि त्या कोसळवणारे जुने भूकंप यांच्या तारखाही अशा काढल्या जाऊ लागल्या.

भारतातही ती वापरली गेली आहे. केदारनाथच्या वर असलेल्या चोराबारी हिमनदीच्या माघारीचा अंदाज घेण्यासाठी देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेत लायकेनच्या मोजमापांचा आधार घेण्यात आला आणि ते संशोधन २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ च्या प्रलयात जिच्याजवळचे सरोवर फुटले, तीच ही हिमनदी.

ऱ्हायझोकार्पनच्या वाढीचा दर ठिकाणानुसार कमालीचा बदलतो. दमट, सौम्य हवेत वर्षाला अर्धा मिलिमीटर किंवा थोडा अधिकही. कॅनडाच्या बॅफिन बेटावर मात्र १९७० च्या दशकातील अभ्यासात तो शंभर वर्षांना सुमारे तीन मिलिमीटर इतका निघाला. हान्सन यांचा शार्क १६ वर्षांत आठ सेंटीमीटर वाढला. तेवढ्या काळात बॅफिनचे लायकेन अर्धा मिलिमीटर पसरले असते.

हजारो वर्षांचा दावा कितपत टिकतो?

शार्कच्या तुलनेत कमी. बॅफिनच्या दराने २० सेंटीमीटर व्यासाचे लायकेन साडेसहा हजार वर्षांहून जुने ठरते. पण दर तीनऐवजी चार मिलिमीटर धरला तर तेच पाच हजार वर्षांचे होते. एका मिलिमीटरने दीड हजार वर्षांचा फरक! थडगी दोन-तीनशे वर्षांपर्यंत साथ देतात. त्यापुढची आलेखाची रेघ तुरळक खुणांच्या आधारे लांबवलेली असते. शिवाय लायकेन आयुष्यभर एका वेगाने वाढत नाही. दगड उघडा पडल्यावर ते रुजायलाच काही वर्षे किंवा दशके जातात, मग काही काळ वाढ जोरात आणि नंतर मंद. दोन शेजारी ठिपके एकत्र येऊन एकच मोठे लायकेन असल्याचा भासही होतो. या सगळ्यावर बोट ठेवत २०१५ मध्ये ‘क्वाटर्नरी रिसर्च’ या नियतकालिकातील एका लेखाने ही पद्धत विज्ञान आहे की छद्मविज्ञान, असा प्रश्न थेट शीर्षकातच विचारला. पद्धतीचे समर्थक ते मानत नाहीत. गेल्या काही शतकांपुरती आणि स्थानिक आलेख असेल तर ती उपयोगी आहे, असे त्यांचे म्हणणे. ते पटण्यासारखे आहे. पण ‘नऊ हजार वर्षांचे लायकेन’ हे वाक्य वाचताना मनात मोठे प्रश्नचिन्ह ठेवलेले बरे.

आणखी एक पेच आहे आणि तो आकड्यांचा नाही. शार्कच्या भिंगातला गाभा जन्मापासून तोच असतो. तो एकच प्राणी इतकी वर्षे जगला, याबद्दल शंका उरत नाही. लायकेन कडेने वाढत जाते. मधला जुना भाग कालांतराने झडतो, तिथे कधी नवे रुजते. कडेवरची पेशी नवी, मधली नाहीशी झालेली, शिवाय भागीदार दोन. अशा वेळी ‘याचे वय’ म्हणजे नेमके कोणाचे? गावातले घर दोनशे वर्षांचे म्हणायचे, पण वासे, कौले, भिंती सगळे बदललेले, तसाच हा प्रकार. मात्र हिमनदीच्या अभ्यासकाला याने फरक पडत नाही. त्याला लायकेनचे वय नको असते, खालचा दगड कधी उघडा पडला ते हवे असते.

याच कारणाने लायकेन नसलेल्या जागाही बोलक्या ठरतात. साधारण १९ व्या शतकापर्यंत चाललेल्या लघु हिमयुगात बॅफिन बेटावर कायमच्या बर्फाखाली गेलेली लायकेन मेली. बर्फ ओसरले तरी तिथे पुरेशी नवी वाढ झालेली नाही. ते फिकट पट्टे उपग्रहचित्रांतही ओळखू येतात.

वय कळून फायदा काय?

ऱ्हायझोकार्पनला सध्या धोका नाही. त्याची जात थंड आणि डोंगराळ प्रदेशांत विपुल आहे. शार्कचे तसे नाही आणि त्याच्या बाबतीत वय हा निव्वळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

२०१६ च्या त्याच अभ्यासानुसार मादी वयात येते ती साधारण १५६ व्या वर्षी, अधिक-उणे २२. लांबी चार मीटर झाल्यावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रीनलँड, आइसलँड आणि नॉर्वेमध्ये यकृताच्या तेलासाठी हे शार्क हजारोंनी मारले जात. ते तेल दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी वापरले जाई. कृत्रिम तेले आल्यावर १९६० च्या सुमारास हा धंदा संपला. आता हिशेब करून पाहा. धंदा बंद होताना जन्मलेली मादी २११६ च्या आसपास पहिल्यांदा पिल्ले देण्याजोगी होईल. १९१० मध्ये, धंदा भरात असताना जन्मलेली आणि त्यातून वाचलेली मादीदेखील अजून वयात आलेली नाही. त्यामुळे समुद्रात आज हे शार्क बऱ्यापैकी दिसतात म्हणून सगळे ठीक आहे, असे म्हणता येत नाही. दिसतात त्यातले कित्येक अजून ‘लहान’ आहेत. वयाचा अंदाज निम्म्याने चुकला असला, तरी या निष्कर्षाला फारसा धक्का लागत नाही.

आज त्याला मुद्दाम कोणी फारसे पकडत नाही. पण हॅलिबट आणि कोळंबीसाठी टाकलेल्या ट्रॉल जाळ्यांत आणि लांब गळदोऱ्यांत तो अडकतो. गळदोरीला लागलेले मासे खायला येतो आणि स्वतःच गुंतून बसतो. मच्छीमारांच्या दृष्टीने ती नुसती डोकेदुखी : मांस विकत नाही, दोऱ्या मात्र तुटतात. दर वर्षी अशा प्रकारे पकडल्या जाणाऱ्यांची संख्या हजारांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये या जातीची नोंद ‘असुरक्षित’ गटात केली. वायव्य अटलांटिकमधील मासेमारीचे नियमन करणाऱ्या संघटनेने २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय पाण्यात त्याच्या थेट मासेमारीवर आणि २०२२ मध्ये जाळ्यात आलेला शार्क जहाजावर ठेवून घेण्यावर बंदी घातली.

पुढे काय?

समुद्री बर्फ मागे हटत असल्याने आजवर जहाजांना बंद असलेला आर्क्टिकचा मधला भाग मासेमारीसाठी खुला होण्याची शक्यता आहे. त्याआधीच खबरदारी म्हणून कॅनडा, नॉर्वे, रशिया, अमेरिका, डेन्मार्क, आइसलँड, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि युरोपीय महासंघ यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रीनलँडमधील इलुलिसाट येथे करार केला. त्या भागात व्यावसायिक मासेमारी सुरू न करता आधी तिथल्या जीवसृष्टीचा अभ्यास करायचा, असे त्यात ठरले आहे. करार २५ जून २०२१ पासून अमलात आला. त्याची मुदत १६ वर्षांची, म्हणजे २०३७ पर्यंत आहे. त्यानंतर कोणत्याही सदस्याचा आक्षेप नसेल, तर तो पाच-पाच वर्षांनी वाढवला जाईल.